पायताण बाहेर, मन आत

आजवर तुम्ही मला वाचत आलात. आज घटकाभर मला बोलू द्या. मी शिरड शहापूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळाच्या दारावरची पाटी. जात पत्र्याची, वय विचारू नका. माझ्या अंगावर दोनच ओळी आहेत: 'पायताण बाहेर ठेवा, मन आत आणा. गलका नको, नाम घ्या.' एवढाच माझा उपदेश. तोही माझा नव्हे. ज्यांनी मला घडवून घेतले त्यांचा.

माझी जागा उंबरठ्याच्या बरोबर वर. धड आत नाही, धड बाहेर नाही. गाभाऱ्यातला विठोबा मला दिसत नाही, कारण माझे तोंड रस्त्याकडे. पण काकड्यापासून शेजारतीपर्यंत सारे कानावर पडते. दर्शन घडले नाही तरी श्रवण घडते, आणि श्रवणालाही भक्तीत मोठे स्थान आहे, असे मी पाठीमागूनच ऐकले आहे.

माझ्या अक्षरांविषयी आधी सांगते, कारण पुढचे सगळे त्यांच्यापायी घडले. पोथीतले अक्षर तुम्ही नीट पाहा. बोरूने लिहिल्यासारखी त्याची एक रेघ भरदार असते, दुसरी केसासारखी बारीक. ते अक्षर दागिने लेऊन बसलेले असते. माझे तसे नाही. उभी, आडवी, तिरपी, गोल, प्रत्येक रेघ एकाच जाडीची. टोकाला लपेट नाही, फुलोरा नाही. कापल्यासारखा सरळ शेवट. त्याला वैराग्य म्हणा हवे तर.

हे वैराग्य मला मिळाले ते बाजारात. हिंगोलीच्या मोंढ्याला लागून एका बोळात खाजा मियांचे पत्र्याचे दुकान होते. मोंढ्यात हळदीचे पोते शिवून झाले की त्यावर व्यापाऱ्याचे नाव उमटवावे लागे. त्यासाठी पत्र्यात अक्षर आरपार कापलेले असे. तो पत्रा पोत्यावर धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की अक्षर उमटले. याला छाप म्हणतात, आणि छाप कापणे हा खाजा मियांचा धंदा. 'ठ', 'व', 'ब' अशा पोट बंद असलेल्या अक्षरांत एक अडचण येते. पोटाचा तुकडा गळून पडू नये म्हणून पत्र्याची बारीक पट्टी मध्ये राखावी लागते. मग उमटलेले अक्षर तेवढ्या जागी तुटलेले दिसते. पोत्याला त्याचे काही वाटत नाही.

आमच्या देवळाचे वीणेकरी तातेराव तेव्हा ऐन जवान होते. हळद घेऊन मोंढ्यात आले असताना ते या दुकानात शिरले.

"खाजाभाई, देवळासाठी एक पाटी करून द्या."

"तातेराव, मी पेंटर न्हाई. माझी अक्षरं पोत्यावरची. तुमच्या देवाला चालतील का?"

"देव काय गादीवर बसून राहिला व्हय? विटेवर उभा हाय. त्याला पोत्यावरचीच शोभतील."

खाजा मिया हसले आणि कामाला लागले. एकेक छाप माझ्या अंगावर ठेवून त्यांनी माझी अक्षरे उमटवली. रंग वाळल्यावर मला समोर धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मग बारीक कुंचला घेऊन त्यांनी प्रत्येक तुटलेली जागा हाताने जोडली. "पोत्यावर तुटकं चालतं," ते स्वतःशीच म्हणाले. "दारावर नको."

मला ठोकायलाही तेच आले. पायरीखाली उभे राहून त्यांनी माझी पहिली ओळ एकदा वाचली, आणि कोणी सांगण्याआधीच पायांतले जोडे काढून ठेवले. माझी आज्ञा पाळणारा पहिला माणूस म्हणजे मला घडवणाराच. खिळे ठोकून होईपर्यंत आत भजन रंगले होते. दाराबाहेर बसून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, उठले आणि तसेच अनवाणी चालू लागले. जोडे पायरीवर राहिले. पुढच्या बाजाराला तातेरावांनी ते हिंगोलीला नेऊन दिले, आणि जाता-येता त्यांची थट्टा केली असणार.

देऊळ झाडणारी एक नवी सून हे सगळे पदराआडून पाहत होती. ती तातेरावांची पत्नी नर्मदाबाई. माझी गोष्ट खरे तर तिचीच.

नर्मदाबाई शाळेत गेली नव्हती. संध्याकाळी झाडलोट आटोपली की आरतीला वेळ असे. तेवढ्यात तातेराव वीणा लावता लावता तिला माझ्यावरची अक्षरे शिकवत. "हा 'ठ'. खुंटीला अडकवलेली बांगडी. हा 'ण'. हा 'म', 'मन' मधला." ती केरसुणीच्या काडीने धुळीत गिरवी. माझ्यावरची सगळी अक्षरे संपल्यावर बाकीची तातेरावांनी धुळीतच काढून दाखवली, आणि माझ्यासारखीच काढली. त्यांनाही दुसरे वळण येत नव्हते. अशी ती वाचायला शिकली. पुढे ती पोथीची वाचक झाली.

आमच्या गावात श्रावणभर देवळात पोथी वाचतात. वाचकाचे आसन वेगळे असते, आणि त्या आसनाचा एक नियम आहे. ओळीखाली बोट ठेवूनच वाचायचे. तोंडपाठ असली तरी डोळे मिटून म्हणायची नाही. पाठ म्हणताना माणूस आपल्या मनातले म्हणू लागतो. वाचताना त्याला पोथीच्या मागे जावे लागते. तातेराव गेले, त्या वर्षीही नर्मदाबाईने आसन सोडले नाही. ओळीखाली तिचे बोट चाललेले मला दिसत नसे, पण आवाजावरून कळे. बोट ओळ संपून खाली उतरले की ती किंचित थांबे, बैल नांगराच्या तासाच्या टोकाला वळतात तशी.

माझ्याही बाबतीत एक रीत पडली. ज्या घरी वर्षात पाळणा हलला, त्या घराने आषाढात माझी अक्षरे रंगवायची. कोणी लाल रंग आणी, कोणी निळा, घरात उरला असेल तो. नव्या बापाला आनंदाची घाई असते. रेघेच्या बाहेर थोडा रंग जातोच. दर वर्षी एक थर चढला. माझी मूळची सडसडीत अक्षरे हळूहळू बाळसे धरू लागली. मला ते ओझे कधी वाटले नाही. गावाची लेकरे मी अंगावर वागवीत होते.

मग नर्मदाबाईची नजर उतरली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितले की दुखणे डोळ्याच्या पडद्याचे आहे. आहे ती नजर सांभाळा, पण बारीक रेघ आता दिसायची नाही. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी ती माझ्याखालच्या पायरीवर पोथी उघडून बसली होती. शेजारी तिचा नातू हरीश. जवळा बाजार या गावी त्याचे फ्लेक्स आणि छपाईचे दुकान आहे.

"उभ्या रेघा दिसून राहिल्या," ती म्हणाली. "आडव्या पुसून गेल्या. अक्षरं मोडून पडल्यागत झालीत रे."

"मोठ्या अक्षरात काढून देतो ना आज्जी."

"ते करून पाहिलं न्हाई का तू? अक्षर मोठं झालं, बारीक रेघ बारीकच राहिली." तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. "ही मात्र अजून वाचता येते मला. 'पायताण बाहेर ठेवा.' एक रेघ हरवली न्हाई हिची."

हरीशही माझ्याकडे पाहू लागला. मग उठून त्याने फोनने माझे फोटो काढले. "आज्जी, प्रत्येक वळणाच्या अक्षराला नाव असतं. फॉन्ट म्हणतात त्याला. हिचं नाव सापडलं की त्याच अक्षरात सगळी पोथी छापून देतो."

"अक्षराला नाव असतं?"

"असतं तर! मोठी खानदानं असतात."

"मग गोत्र बी पाहून घे. उगी भलत्याच घरी जायचास."

तेवढ्यात शेजारची संगिता पाण्याची कळशी घेऊन आली. नर्मदाबाईला जमले नाही तर यंदा आसनावर तिने बसावे असे गावाने ठरवले होते. "काकू, तुमी वाचा बापा," ती म्हणाली. "मला बसवलं तर मी दोन पानं एकदम उलटीन आन् देवालाच कथा कळायची न्हाई."

नर्मदाबाई हसली, पण पोथी मिटताना तिचा हात पुठ्ठ्यावर रेंगाळला. श्रावण लागेपर्यंत अक्षर सापडले नाही, तर तिचे आसन जाणार होते. कोणी ते हिसकावणार नव्हते. मायेनेच जाणार होते, आणि म्हणून तिला भांडताही येणार नव्हते.

त्यानंतरचे काही दिवस माझी ओळख पटवण्यात गेले. फोनला माझा फोटो दिल्यावर त्याने आधी परदेशातली नावे पुढे केली. माझ्या 'ठ'ला तो आकडा समजला म्हणे. मग हरीशने दुकानातल्या कॉम्प्युटरवर साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरांचे जेवढे नमुने होते तेवढे काढले आणि कागद घेऊन तो माझ्यासमोर स्टुलावर चढला. 'क' जुळला तर 'ल' जुळेना. 'ल' जुळला तर 'घ'ची कंबर वेगळी. माझी रेघ जाड दिसत होती म्हणून त्याने शेवटी सर्वांत जाड वळण निवडले, त्यात सबंध पोथी बसवली, छापली, पुठ्ठा घातला आणि आजीच्या मांडीवर आणून ठेवली.

तिने पान उघडले. बोट ठेवले. बोट जागचे हलले नाही.

"काय झालं आज्जी?"

"अक्षरांनी डोळे मिटून घेतलेत रे. सगळे काळे गोळे."

त्याने दुसरी, सडपातळ अक्षरांची पाने आणली. रेघ दिसत होती. पण त्यातला 'ल' आणि 'श' हिंदीच्या धाटणीचे निघाले, 'ठ' चेपलेला. ती वाचू लागली, पण दर शब्दाला अडखळत, परक्या घरात अंधारात चालावे तशी. नजर निम्मी उरली की बाकीचे निम्मे माणूस ओळखीने वाचतो, आणि या अक्षरांशी तिची ओळख नव्हती.

"राहू दे बाप्पा," ती म्हणाली. "संगिताला सांग, आसन झटकून ठेव म्हणावं."

त्या रात्री देवळातून जाताना ती माझ्याखाली थांबली नाही. एरवी ती रोज थांबे.

चूक कुठे झाली होती ते मला ठाऊक होते. हरीशने माझे अक्षर मोजलेच नव्हते. त्याने गावातले पाळणे मोजले होते. पण मी पाटी. माझ्या तोंडी दोन ओळींपलीकडे शब्द नाही. एखाद्याने तुमचे नाव शोधत तुमच्याच दारात उभे राहावे आणि तुम्हाला 'ओ' देता येऊ नये, यासारखी तळमळ नाही.

शेवटी हरीशच्याच ध्यानात आले. माझ्या 'ठ'च्या कडेचा एक पोपडा उडाला होता आणि आतून तिरंगी कड दिसत होती: लाल, खाली हिरवा, त्याखाली पिवळा. "आज्जी, हे अक्षर जाड न्हाई," तो ओरडला. "हे रंगाचं जाड हाय. खरवडून पाहिलं पाहिजे."

हे ऐकताच पायरीवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. रंग म्हणजे लेकरे. ते कोण खरवडणार? कोणी म्हणाले, दुसरीकडून पाटी आणा. कोणी म्हणाले, देवाच्या वस्तूला पातं लावू नये. हरीशने हातातली खरवडायची पट्टी खाली घेतली.

"वरचा थर कोणाचा?" नर्मदाबाईने विचारले.

"माझा," संगिता म्हणाली. "गेल्या आखाडीत आमच्या ह्यांनी दिला. प्रियंकाच्या वेळचा." तिने कडेवरच्या प्रियंकाला दुसऱ्या हातावर घेतले आणि हरीशपुढे हात केला. "आण इकडं. माझ्यापासून सुरू व्हईल. एकच अक्षर काढायचं, 'ठ'. बाकीच्यांना हात लावायचा न्हाई. आन् काकू, पोरगी मोठी झाल्यावर तिला सांगा, तिच्या रंगाखाली पोथी सापडली म्हणून."

तिने हलक्या हाताने तो लाल थर उचलला. मग दुसरी पुढे आली, आपल्या घरचा हिरवा थर तिनेच काढला. असे वर्षावर्षाचे थर एकेका घराने उचलत नेले. मला अजिबात दुखले नाही. बरेच खाली एक जुना निळा थर लागला, तेव्हा नर्मदाबाईने हात आडवा केला.

"हा तुझ्या बापानं दिलेला, हरीश. तुझ्या बारशाच्या आधी. शिडीवरून पडला होता तेव्हा."

"मग तूच काढ आज्जी."

तिने तो काढला. त्याखालचे आणखी काही थर निघाले, आणि सगळ्यांत शेवटी खाजा मियांचा काळा 'ठ' उघडा पडला. सडसडीत, एकसारख्या जाडीचा. मात्र थरांबरोबर त्यांनी कुंचल्याने जोडलेला तुकडाही निघून गेला होता. बांगडीला खाली एक बारीक फट होती.

हरीश हळहळला. "तुटलं अक्षर."

नर्मदाबाईने डोळे जवळ नेले नाहीत, बोट नेले. त्या फटीवरून तिचे बोट गेले, परत आले, आणि थांबले. उभी हयात तिने हळदीची पोती उचलली, झाकली, त्यांवर बसून शिधा निवडला होता.

"तुटलं न्हाई," ती म्हणाली. "हे पोत्यावरचं अक्षर हाय, लेकरा. मोंढ्यातला छाप."

दुसऱ्या दिवशी मला खिळ्यांवरून उतरवले गेले. ठोकल्यापासून प्रथमच मी दार सोडले. गोणपाटात गुंडाळून, नर्मदाबाईच्या मांडीवर बसून मी एस.टी.ने हिंगोलीला निघाले. मोंढ्यात आता पोत्यांवर यंत्राने छापलेली चित्रे असतात. छाप कोणाला ठाऊक नव्हता. एका वयस्क हमालाने मात्र बोळ दाखवला. "छाप कापणारे खाजा मिया गेले. पर घर तेच हाय."

दुकानात आता धान्याच्या कोठ्या आणि कूलरचे सांगाडे होते. आत खाजा मियांची पत्नी रहिमाबी बाजेवर बसली होती, आणि नात कहकशा कोठीवर पांढऱ्या रंगाने खुणा करीत होती. हरीशने माझ्यावरचे गोणपाट काढले आणि सगळे सांगितले.

रहिमाबीने ऐकून घेतले, पण मान हलवली. "छाप कापणारे मोंढ्यात और बी होते, बेटा. हमारे मियां की ये पाटी हाय, कैसे बोलू? झूठा नाम नै लेना देव के दर पे."

खरे तेच बोलली. नर्मदाबाईने माझ्या पहिल्या ओळीवरून बोट फिरवले. मग काहीतरी आठवून तिने विचारले, "रहिमाबी, एक सांगता का? तुमचे मालक कधी अनवाणी घरी आले होते का?"

रहिमाबीने चमकून पाहिले.

"ही पाटी ठोकायला जो माणूस आला होता," नर्मदाबाई सांगू लागली, "त्यानं पायरीवर जोडे काढले. भजन झाल्यावर उठला तो तसाच गेला. मी नवी नवरी. हाक मारायची लाज वाटली. सांजेला ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले."

रहिमाबीच्या तोंडाला पदर गेला. आधी वाटले ती रडते आहे. मग कळले, ती हसते आहे, आणि मग दोन्ही.

"अल्ला! शिरड के रस्ते पे काटे कितने, और ये आदमी नंगे पांव! मैं बोली, जोडे कहां? बोले, 'भूल गया.' मैं बोली, सर बी भूल आते! फिर वो एक वीणावाले आये, जोडे लेके, रुमाल में बांध के, जैसे परसाद लाते. मेरे हाथ में दिये और बोले, 'वहिनी, याचं मन आमच्याकडंच राहिलं हाय. जोडे तेवढे घ्या.'"

"तेच आमचे हे," नर्मदाबाई म्हणाली. तिच्या निम्म्या नजरेच्या दोन्ही डोळ्यांत पाणी होते.

त्यापुढे पुरावा कोणी मागितला नाही. तरी कहकशा आत गेली आणि तारेत ओवलेला छापांचा एक झुबका घेऊन आली. कोठ्यांवर नावे टाकायला ती तेच वापरत होती. त्यातला 'ठ' तिने माझ्या उघड्या 'ठ'वर ठेवला. फटीवर पट्टी, पट्टीखाली फट.

"बराबर बसला, दादी," ती म्हणाली.

ज्या वळणाचे नाव जगभराच्या फोनला सापडले नव्हते, ते असे सापडले. नाव त्याला कधी ठेवलेलेच नव्हते.

पण पोथी अजून दूर होती. झुबक्यात मोंढ्याला लागतील तेवढीच अक्षरे होती. "'ज्ञ' न्हाई," कहकशाने सांगितले. "मोंढ्यात कोणाला लागतो?" "आमच्या पोथीत पानोपानी लागतो," नर्मदाबाई म्हणाली. 'ऋ' नव्हता, 'झ' नव्हता, आणि जोडाक्षरे तर जवळजवळ नव्हतीच. विठ्ठलदास नावाच्या व्यापाऱ्याचे पोते एका 'ठ'वरही बिनचूक पोहोचत असे.

ती अक्षरे कहकशाने केली. आजोबांचा 'ठ' कसा वळतो, 'घ'ची कंबर कुठे असते, हे पाहत पाहत ती पत्र्यावर आखे, कापे, आणि हरीशच्या दुकानात घेऊन येई. हरीश ते कॉम्प्युटरमध्ये चढवून रेघा सरळ करी. कधी ती म्हणे, "दादा, तुमी फारच सरळ करून राहिले. आजोबांचा हात थोडा डावीकडं झुकायचा, तो राहू द्या." तो राहू देई. फटी मात्र त्यांनी जोडल्या. पोथीत तुटके नको, यावर दोघांचे एकमत झाले. खाजा मियांचेही तेच होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

सगळ्यांत शेवटी 'ठ्ठ' आला. एका बांगडीखाली दुसरी बांगडी. कहकशा तो दाखवायला शिरडलाच आली, आणि रहिमाबीही आली. तोवर मी पुन्हा माझ्या खिळ्यांवर होते. हरीश लॅपटॉप घेऊन माझ्याखालच्या पायरीवर बसला होता.

"झालं सगळं," तो म्हणाला. "आता नाव टाकायचं. नाव टाकल्याबिगर कॉम्प्युटर ही अक्षरं ठेवून घेत न्हाई."

"खाजाभाईचं टाक," नर्मदाबाई म्हणाली.

"नै नै," रहिमाबी म्हणाली. "पाटी के कोने में बी अपना नाम नै लिखे उनो. अब लिखेंगे तो रात को सपने में आ के मेरेकू डांटेंगे."

"मग तातेराव आजोबांचं?"

"त्यांनी काय केलं? जोडे पोहोचवले," नर्मदाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. माझा पहिलाच शब्द तिने पुन्हा एकदा वाचला. "तेच नाव ठेव. 'पायताण'."

"आज्जी! पोथीच्या अक्षराचं नाव पायताण?"

"काहून? देवाच्या दारात सगळ्यांत आधी कोण पोहोचतं? आन् सगळ्यांचं होईस्तोवर बाहेर कोण थांबतं? ज्यानं ही अक्षरं कापली, तो असाच दारात बसून ऐकून गेला. मला तर देवानं पुढल्या जल्मी पायताणच करावं."

रहिमाबी हसत म्हणाली, "रखो बेटा, रखो. उनकू बी यादच रहेगा अब, जोडे कहां छोडे थे."

हरीशने नाव टाकले. इतकी वर्षे मी लोकांना नाम घ्या म्हणून सांगत होते. त्या संध्याकाळी मला नाव मिळाले, आणि तेही पायरीवरचे.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी देऊळ भरले. आसन मांडताना संगिताने ते दोनदा झटकले आणि मोठ्याने म्हणाली, "बसा काकू. माझी सुटका करा." नर्मदाबाई बसल्याचे मला पाटाच्या आवाजावरून कळले. नवी पोथी उघडल्याचा कोरा आवाज आला. मग काहीच नाही. शांतता इतकी लांबली की पायरीवर बसलेल्या कहकशाने रहिमाबीचा हात धरला.

पाठीमागे डोळे असते तर, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

मग आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर ओळखीचे माणूस भेटावे तसे घेत. पहिल्याच ओळीत विठ्ठलाचे नाव होते. तिथे ती जराशी रेंगाळली, पण अडखळली नाही. ओळ पूर्ण झाली. तिथे ती किंचित थांबली, बैल तासाच्या टोकाला वळतात तेवढीच. बोट खाली उतरले होते.

मी दारात होते. मला एवढे पुरले.

आज माझी स्थिती अशी: सगळी अक्षरे पूर्वीसारखीच बाळसेदार आहेत, आणि आषाढात कोणी ना कोणी नवा रंग घेऊन येतेच. 'ठेवा' मधला 'ठ' मात्र कोणी रंगवत नाही. तो खाजा मियांनी उमटवला तसा, फटीसकट, उघडा आहे. संगिताची प्रियंका आता चालू लागली आहे. कडेवर घेतले की ती बरोबर त्या फटीत बोट घालते. पत्रा कडेने गंजू लागला आहे. एक दिवस मी गळून पडेन, त्याची खंत नाही. माझे रूप नाशिवंत आहे, पण अक्षरे पोथीत गेली आहेत, आणि पोथी आसनावर आहे.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर देवळाशी थांबा. वर पाहून तो 'ठ' तेवढा वाचा. पायताण काढा, आत जा, घटकाभर बसून ऐका. आणि निघताना पायताण न्यायला विसरलात, तर संकोचू नका. त्या पहिल्या दिवशी पोथी संपल्यावर नर्मदाबाई रहिमाबीचा हात धरून बोलत बोलत पायऱ्या उतरली, तशीच अनवाणी घराच्या वाटेला लागली, आणि हरीश दोन चपला हातात घेऊन मागून ओरडत धावला होता, "आज्जी! अगं आज्जी, पायताण!"

तिने मागे वळून पाहिले नाही. मी पाहत राहिले.